पित्ताचे खडे बायांनाच अधिक का?



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावणे धाडले, तेव्हा मी मजुरीच्या दरांवर किंवा फार तर बोनसवर बोलेन अशी त्यांची समजूत असावी. मी विषय कळवला तो पित्ताशयातील खड्यांचा. तेव्हा त्यांपैकी एकाने मोकळेपणाने विचारले, "हा तर डॉक्टरांचा विषय. तुम्ही कशाला त्यात पडता?" प्रश्न रास्त आहे. मी डॉक्टर नाही. शाळेचा आणि माझा संबंध दहावीला संपला. चार हंगाम साखर कारखान्याच्या पॅनखात्यात काढले आणि पुढची सगळी वर्षे कारखाना कामगार व विडी कामगार यांच्या संघटनेत गेली. जे काही शिकलो ते वाचनालयाच्या बाकावर, आणि भेटेल त्या डॉक्टरला प्रश्न विचारून विचारून. तरीही हा विषय मी घेतला, कारण एका बाईने मला दोन प्रश्न विचारले होते आणि त्या वेळी मला त्यांतल्या एकाचेही उत्तर देता आले नव्हते.

ही बाई आपल्याच गावातली, विडी वळणारी. तिचे नाव सांगत नाही. तिला आम्ही सगळे अक्का म्हणतो. मांडीवर सूप घेऊन दिवसाला हजार विड्या वळायच्या, त्यांतल्या काही छाट म्हणून बाजूला पडायच्या, आणि त्यासाठी आमचे कारखानदाराशी भांडण चालायचे. अशा भांडणांतूनच तिची ओळख झाली. अंगाने काटकुळी, चार मुलांची आई. तिच्या पोटात रात्री-अपरात्री कळ यायची. ती सांगे, "भाऊ, पित्त झालंय." दवाखान्यातही तेच सांगत आणि पांढऱ्या गोळ्या देत. अशी सहा-सात वर्षे गेली. मग एका खासगी दवाखान्यात तिला सांगण्यात आले की पिशवी खराब आहे, काढून टाकली की दुखणे जाईल. तिने कर्ज काढले आणि पिशवी काढली. महिना-दीड महिन्याने एका लग्नाचे जेवण जेवून आली आणि त्याच रात्री तीच कळ पुन्हा आली! या वेळी आम्ही तिला दुसरीकडे नेले. तिथे पोटाची सोनोग्राफी झाली आणि पित्ताशयात खडे निघाले. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाल्यावर दुखणे कायमचे गेले. घरी परतल्यावर तिने मला विचारले, "भाऊ, मग माझी पिशवी कशापायी काढली?" आणि थोडे थांबून म्हणाली, "आणि हे खडे आम्हा बायांनाच का व्हत्यात? वॉर्डात दहाजणी व्हत्या, बाप्ये दोनच."

पहिल्या प्रश्नाचे उत्तर लाजिरवाणे आहे. दुसऱ्याचे उत्तर शास्त्राने दिलेले आहे आणि ते फार सुंदर आहे. दुसरे समजले म्हणजे पहिलेही नीट समजते, म्हणून मी दुसऱ्यापासून आरंभ करतो.

आधी एका शब्दाचा गुंता सोडवला पाहिजे. आपल्या मराठीत 'पित्त' या एका शब्दाखाली कितीतरी गोष्टी नांदतात. आयुर्वेदातील वात, पित्त, कफ यांतले पित्त वेगळे. अंगावर गांधी उठतात त्यालाही आपण पित्त उठले असे म्हणतो. छातीत जळजळले, आंबट ढेकर आली, की पित्त झाले. राग आला की पित्त खवळले. पण शरीरशास्त्र ज्याला पित्त म्हणते तो एक हिरवट पिवळा, कडू रस आहे. तो यकृतात तयार होतो आणि अन्नातील स्निग्ध पदार्थ पचवायला मदत करतो. आंबट ढेकर येते ती जठरातील आम्लामुळे, या रसामुळे नव्हे. शब्द एकच असल्यामुळे घोटाळा असा होतो, की बाईने "पित्त झालंय" म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर जठर येते आणि हात गोळीकडे जातो. खरे दुखणे वीतभर उजवीकडे, पित्ताशयात असते. अक्काची सहा वर्षे या एका शब्दाने खाल्ली असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

यकृत दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर पित्त तयार करते. यकृताच्या खालच्या अंगाला लांबट वांग्यासारखी, सात ते दहा सेंटिमीटर लांबीची एक पिशवी चिकटलेली असते. तेच पित्ताशय. त्यात तीस ते पन्नास मिलिलिटर रस मावतो. दोन जेवणांच्या मधल्या वेळात पित्त येथे साठते आणि पित्ताशयाची भिंत त्यातले पाणी शोषून ते दाट करते. आपण तेला-तुपाचे काही खाल्ले आणि ते लहान आतड्याच्या आरंभी पोचले, की आतड्याची भिंत रक्तात एक द्रव्य सोडते. ते द्रव्य पित्ताशयाला सांगते, "आता पिळ." पित्ताशय आकुंचन पावते आणि पित्त आतड्यात उतरते. १९२८ साली शिकागो येथे आयव्ही आणि ओल्डबर्ग या दोघांनी या द्रव्याचा शोध लावला. त्याचे नाव कोलेसिस्टोकायनिन. नाव जिभेला जड असले तरी अर्थ सरळ आहे : पित्ताशय हलवणारे.

अशी रक्तातून निरोप पोचवणारी जी द्रव्ये असतात त्यांना इंग्रजीत हॉर्मोन म्हणतात. हा शब्द इंग्रज शास्त्रज्ञ स्टार्लिंग याने १९०५ साली रूढ केला. आपण त्यांना संप्रेरके म्हणतो. ही दोन संप्रेरके आज आपल्याला विशेष लागतील : इस्ट्रोजन आणि प्रोजेस्टेरॉन. दोन्ही मुख्यतः स्त्रीच्या अंडाशयात तयार होतात आणि गरोदरपणी वारेतूनही फार मोठ्या प्रमाणात पाझरतात. मुलीची बाई होते ती इस्ट्रोजनमुळे. गर्भ नऊ महिने टिकतो तो प्रामुख्याने प्रोजेस्टेरॉनमुळे. इस्ट्रोजन जातीचे पहिले द्रव्य १९२९ साली शुद्ध रूपात हाती आले, तर प्रोजेस्टेरॉन १९३४ साली.

आता खडा कसा धरतो ते पाहू. येथे मी तुम्हाला प्रयोगशाळेत नेत नाही, आपल्या जिल्ह्यातल्या कोणत्याही साखर कारखान्यात नेतो. लोणीचा प्रवरा कारखाना १९५० साली उभा राहिला आणि त्यानंतर आपल्याकडे घरटी एक माणूस तरी ऊस लावणारा, तोडणारा किंवा गाळणारा झाला. तेव्हा ही उपमा परकी वाटू नये.

पॅनमध्ये उसाचा पाक आटवतात. पाण्यात साखर विरघळायची एक मर्यादा असते. पाणी उडत गेले की अशी वेळ येते, की पाकात साखर मर्यादेपेक्षा अधिक होते. ती अजून विरघळलेलीच दिसते, पण कशीबशी तग धरून असते. अशा पाकात बारीक साखरेचे थोडेसे बी सोडले की त्याभोवती दाणा धरू लागतो. पॅनवरचा अनुभवी कामगार काचेच्या पट्टीवर थेंब घेऊन दिव्यासमोर धरतो आणि सांगतो, "दाणा धरला." मग तो पाक वेळ देऊन थंड केला, की दाणा वाढतो. म्हणजे दाणा धरायला तीन गोष्टी लागल्या : पाक मर्यादेपलीकडे दाट होणे, त्याला बी मिळणे, आणि वाढायला पुरेसा वेळ मिळणे. घरात काकवीची बाटली पावसाळाभर कोपऱ्यात पडून राहिली की तिच्या तळाला साखर धरते, ती याच न्यायाने. रोज ओतून वापरली जाणारी बाटली तशी धरत नाही.

पित्ताशयातही हेच घडते. तेथे साखरेच्या जागी कोलेस्टेरॉल असते. हे नाव आज सर्वांना हृदयविकारामुळे ठाऊक आहे, पण ते द्रव्य प्रथम सापडले ते अठराव्या शतकात, फ्रान्समध्ये, पित्ताच्या खड्यांतच! नावातला पहिला भाग ग्रीक भाषेत पित्ताचाच वाचक आहे. कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही. पित्तातील क्षार आणि लेसिथिन नावाचा स्निग्ध पदार्थ ही दोघे त्याला सांभाळून धरतात. त्यांच्या सांभाळण्याच्या शक्तीबाहेर कोलेस्टेरॉल आले, की पाक दाट झाला. पित्ताशयाच्या भिंतीतून पाझरणारा चिकट श्लेष्मा बी पुरवतो. आणि पित्ताशय वेळेवर पिळले गेले नाही, की दाण्याला वाढायला वेळ मिळतो. आधी गाळासारखा साका होतो, मग वाळूसारखे कण, मग खडा.

आता दोन्ही संप्रेरकांचे काम सांगतो. श्रोत्यांपैकी काहींनी ते एव्हाना ओळखलेही असेल.

इस्ट्रोजन यकृताला असे वळण लावते, की ते रक्तातून अधिक कोलेस्टेरॉल ओढून घेते आणि पित्तात अधिक सोडते. म्हणजे पाक दाट करण्याचे काम इस्ट्रोजनचे. यात एक गंमत आहे. रक्तातले कोलेस्टेरॉल यामुळे घटते आणि पाळी चालू असेपर्यंत बाईच्या हृदयाला काहीसे संरक्षण मिळण्यामागे हेही एक कारण मानतात. पण रक्तवाहिनीतून काढलेला माल कोठेतरी टाकावा लागतोच. तो पित्तात जातो. हृदयाचा फायदा, तो पित्ताशयाचा तोटा.

प्रोजेस्टेरॉनचे काम दुसरे. गर्भाशयाचा स्नायू अवेळी आकुंचन पावू नये म्हणून ते त्याला सैल ठेवते. पण हे संप्रेरक रक्तातून सगळ्या अंगभर फिरते आणि त्याच्या हुकमातून तशाच जातीचे इतर स्नायूही सुटत नाहीत. म्हणून गरोदर बाईचे आतडे मंद होते व तिला मलावरोध होतो. म्हणूनच तिचे पित्ताशयही आळसावते. जेवणानंतर ते पुरते रिकामे होत नाही आणि तळाला शिळे पित्त उरते. म्हणजे दाण्याला वेळ देण्याचे काम प्रोजेस्टेरॉनचे.

गरोदरपणात दोन्ही संप्रेरके शिगेला पोचलेली असतात. पाकही दाट आणि वेळही भरपूर! म्हणून गरोदर बायांची सोनोग्राफी केली तर पुष्कळजणींच्या पित्ताशयात साका दिसतो आणि काहींमध्ये खडेही. निसर्गाची दया अशी, की बाळंतपणानंतर संप्रेरके उतरली की बहुतेकींचा साका आपोआप निघून जातो आणि काही बारीक खडेही नाहीसे होतात. पण सगळ्यांचेच जात नाहीत. बाळंतपणांची संख्या वाढेल तसा धोका वाढतो, हे अनेक देशांतल्या पाहण्यांतून दिसून आले आहे. आपल्याकडे बाळंतिणीला डिंकाचे लाडू आणि तुपाचे जेवण देतात. त्या दिवसांत रात्री पोटात कळ आली, तर लाडू बाधला असे म्हणून घरात विषय संपतो. लाडवाने एका रात्रीत खडा होत नाही, हे खरे. पण तुपामुळे पित्ताशय जोराने पिळले जाते आणि नऊ महिन्यांत धरलेला खडा तोंडाशी अडकतो. दोष लाडवाचा नाही. लाडू फक्त साक्षीदार आहे.

येथे कोणी शंका घेईल, की हे सगळे तर्काला पटते, पण पुरावा काय? बायका घरात राहतात, उपास करतात, तुपाचे खातात, म्हणून खडे होत असतील! शंका योग्य आहे आणि तिचे उत्तर तीन वेगवेगळ्या दिशांनी मिळते.

पहिली दिशा वयाची. लहान मुलामुलींत या बाबतीत फारसा फरक दिसत नाही. वयात येताच तो दिसू लागतो. पाळी चालू असण्याच्या वर्षांत बायांमध्ये पित्तखडे पुरुषांच्या दुपटी-तिपटीने आढळतात. पाळी गेल्यावर हे अंतर पुन्हा कमी होत जाते. फरकाचा आरंभ आणि उतार संप्रेरकांच्या चढ-उताराशी असा जुळतो.

दुसरी दिशा पुरुषांची, आणि ती मला सर्वांत बिनतोड वाटते. अमेरिकेत १९६६ साली एक मोठा प्रयोग सुरू झाला. बायांना हृदयविकार कमी होतो, तर त्यांचे संप्रेरक पुरुषांना देऊन पाहावे, असा त्यातला एक विचार होता. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या काही पुरुषांना इस्ट्रोजन देण्यात आले. हृदयाचा लाभ तर झाला नाहीच, उलट इतर अपाय दिसल्याने ते देणे मुदतीआधीच थांबवावे लागले. पण या पुरुषांमध्ये पित्ताशयाचे विकार वाढल्याचे आढळले. हे पुरुष काही बाळंत झाले नव्हते, चतुर्थ्या करत नव्हते, चुलीपाशी बसत नव्हते. त्यांच्यात नवे आले ते एक संप्रेरक.

तिसरी दिशा पाळी गेलेल्या बायांची. त्यांना संप्रेरकांच्या गोळ्या देण्याची चाल पाश्चात्य देशांत फार होती. अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत २२,००० हून अधिक बायांची पित्ताशयाच्या दृष्टीने पाहणी झाली आणि तिचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. काहींना खरी गोळी आणि काहींना तशीच दिसणारी पोकळ गोळी दिली होती. खऱ्या गोळीने पित्ताशयाचे विकार दीड पटीहून अधिक झाले. इंग्लंडमध्ये २००८ साली आणखी एक गोष्ट पुढे आली. तेच संप्रेरक तोंडाने न घेता कातडीवर पट्टी लावून घेतले, तर धोका कमी राहतो. याचे कारणही सरळ आहे. गिळलेली गोळी आतड्यातून प्रथम यकृतात जाते आणि तेथे तिचा पहिला दणका बसतो. कातडीतून गेलेले द्रव्य आधी सगळ्या रक्तात पांगते.

भगिनींच्या मनात येथे कुटुंबनियोजनाच्या गोळीचा प्रश्न येणार, म्हणून तेही स्पष्ट करतो. १९६० साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या पहिल्या गोळीत इस्ट्रोजन जातीचे द्रव्य १५० मायक्रोग्रॅम होते. सरकारी केंद्रात मिळणाऱ्या माला-एन गोळीत ते ३० मायक्रोग्रॅम असते. जुन्या गोळ्यांनी खड्यांचा धोका थोडा वाढत असे. आजच्या गोळ्यांमुळे वाढ झालीच तर ती फार थोडी आहे. आणि नको असलेले एक गरोदरपण पित्ताशयाला गोळीपेक्षा कितीतरी जड जाते, हे विसरू नये. तेव्हा माझे भाषण ऐकून कोणी गोळी बंद करू नये. मात्र खड्यांमुळे पोट दुखत असेल, तर ते डॉक्टरला अवश्य सांगावे. अशा वेळी डॉक्टर बहुधा इस्ट्रोजन नसलेले साधन सुचवतात.

आता संप्रेरके हेच एकमेव कारण आहे असे मी म्हणालो, तर ते खोटे ठरेल. वाढलेले वजन, मधुमेह, फार झपाट्याने वजन घटवणे, घराण्याचा वारसा, वाढते वय ही सारी कारणे आहेत. लांब उपवासही त्यांत येतो, कारण काही खाल्लेच नाही तर पित्ताशयाला पिळण्याचा निरोपच जात नाही. काही खडे कोलेस्टेरॉलचे नसून काळे, रंगद्रव्याचे असतात. रक्तातील तांबड्या पेशी लवकर फुटणाऱ्या रोगांत, उदाहरणार्थ सिकलसेलमध्ये, ते होतात. त्यांच्याशी स्त्रीसंप्रेरकांचा संबंध थोडा.

या संदर्भात कामगार चळवळीतल्या माणसाला अभिमान वाटावा अशी एक गोष्ट सांगतो. भारतातील पित्तखड्यांची एक जुनी आणि नावाजलेली पाहणी रेल्वे कामगारांवर झालेली आहे. मुंबईला पश्चिम रेल्वेत वैद्यकीय अधिकारी असलेले डॉ. मल्होत्रा यांनी ती केली आणि १९६८ साली ती इंग्लंडमधील वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. उत्तरेकडील रेल्वे कामगारांत हा विकार दक्षिणेकडील कामगारांच्या सातपट आढळतो, असे त्यांनी दाखवले आणि त्याचे कारण आहारात शोधले. एकच नोकरी, तेच रूळ, तेच इंजिन, पण पित्ताशये निराळी! संप्रेरके सगळीकडे सारखीच असली, तरी ती ज्या जमिनीत काम करतात ती जमीन प्रांताप्रांताला बदलते, असा धडा मी त्यातून घेतला.

आता अक्काच्या पहिल्या प्रश्नाकडे वळतो.

इंग्रजी वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना पित्तखड्यांचा रोगी ओळखण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या एक सूत्र पाठ करायला लावत. पाच शब्द, सगळे 'एफ' या अक्षराने सुरू होणारे. मराठीत सांगायचे तर : बाई, गोरी, लठ्ठ, चाळिशीची, लेकुरवाळी. सूत्रात तथ्य नाही असे नाही. 'बाई' आणि 'लेकुरवाळी' यांचे कारण आपण आताच पाहिले. पण 'गोरी' हा शब्द ज्या देशात सूत्र जन्मले त्या देशाचा आहे. आणि सूत्र पाठ केलेल्या माणसाच्या नजरेसमोर एक सुखवस्तू, भरल्या अंगाची बाई उभी राहते. सावळी, हडकुळी, तंबाखूच्या वासाची विडीवाली उभी राहत नाही. ती आली की तिला गोळी आणि "वेळेवर जेवत जा" हा उपदेश. खरे म्हणजे चार बाळंतपणे झालेली होती, एवढा एक मुद्दा सोनोग्राफीचा विचार करायला पुरेसा होता.

आणि तिच्या बाबतीत आणखी वाईट घडले. बाईचे पोट दुखते म्हणजे पिशवीच दुखते, असे गृहीत धरले गेले. हे गृहीत किती खोल गेले आहे, याचा दाखला आपल्या शेजारी आहे. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या बायांचा प्रश्न गाजला आणि सरकारने समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,००० हून अधिक बायांपैकी १३,००० हून अधिक बायांचे गर्भाशय काढलेले आढळले. आपल्या पाथर्डी, शेवगाव आणि जामखेडच्या बायाही त्याच तोडीला जातात, हे मी सांगायला नको. त्यांतल्या कितीजणींना तशी गरज होती, हा या समितीपुढचाच प्रश्न होता. मला येथे एवढेच सांगायचे आहे, की गर्भाशय आणि पित्ताशय ही दोन वेगळी ठिकाणे आहेत. एक ओटीपोटात आहे, दुसरे बरगडीखाली उजवीकडे आहे. शिवाय संप्रेरके गर्भाशयात तयार होत नाहीत, ती अंडाशयांत होतात. गर्भाशय काढल्याने आधीच धरलेला खडा विरत नाही. पुष्कळदा गर्भाशयाबरोबर अंडाशयेही काढतात. तरुण वयात असे झाले तर इस्ट्रोजन एकाएकी बंद पडते, हाडे लवकर ठिसूळ होतात आणि हृदयाचे संरक्षण जाते. म्हणजे चुकीची पिशवी काढली, तर दुखणे राहते आणि वर नवे दुखणे विकत घेतले जाते, तेही कर्ज काढून.

म्हणून कळ कशी ओळखावी ते सांगतो. पित्ताशयाची कळ पोटाच्या वरच्या भागात, मध्यावर किंवा उजव्या बरगडीखाली येते. बहुधा तेलकट जेवणानंतर किंवा मध्यरात्री येते. अर्ध्या तासापासून चार-पाच तासांपर्यंत टिकते आणि कित्येकदा पाठीत उजव्या खवाट्यापर्यंत जाते. उलटी होते. मग दुखणे थांबते आणि काही आठवडे सगळे ठीक असते, म्हणूनच माणूस विसरतो. अशी कळ दोनदा आली, तर पोटाची सोनोग्राफी करून घ्यावी. ती न दुखणारी तपासणी आहे आणि तिच्यात पित्ताशयातले बहुतेक सगळे खडे दिसतात. साध्या एक्स-रेत मात्र फार थोडेच दिसतात. कळ थांबेचना, थंडी वाजून ताप आला, किंवा डोळे पिवळे झाले, तर सकाळची वाट पाहू नये, त्याच रात्री मोठ्या रुग्णालयात जावे.

आता उलट्या बाजूचा इशारा. सोनोग्राफीत खडा दिसला म्हणजे पित्ताशय काढलेच पाहिजे असे नाही. ज्यांना खडे असतात त्यांतील सुमारे ऐंशी टक्के लोकांना त्यांचा काही त्रास नसतो. अशा मुक्या खड्यांना, काही विशेष कारण नसेल तर, डॉक्टर हात लावत नाहीत. त्रास देणाऱ्या खड्यांना मात्र शस्त्रक्रिया हाच खरा उपाय. पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया १८८२ साली बर्लिनमध्ये लांगेनबुख याने केली. आज ती दुर्बिणीने, तीन-चार लहान छिद्रांतून होते. भारतात ती १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी प्रथम केली, म्हणजे एका सरकारी रुग्णालयात, गरिबांच्या वॉर्डात. पित्ताशयावाचून माणूस उत्तम जगतो. यकृत पित्त तयार करतच राहते, फक्त साठवणीची टाकी जाते.

घरगुती उपायांबद्दल विचाराल, तर कुळथाचे कढण आणि पानफुटीची पाने लोक मुतखड्यासाठी घेतात आणि 'खडा तो खडा' म्हणून पित्तखड्यालाही लावतात. मुतखडा लघवीच्या वाटेवर असतो. पित्ताशय त्या वाटेवर नाही, तेव्हा कितीही पाणी प्यायले तरी ते तेथून वाहत नाही. तेल आणि लिंबाचा रस पिऊन शौचातून हिरवे खडे पडल्याचे कोणी दाखवतात. अशा गोळ्यांची तपासणी झालेली आहे. त्या तेलाचाच आतड्यात झालेला साबण निघाल्या.

कोणी म्हणेल, अडाणी बायांना एवढे शास्त्र कसे कळावे? त्याचे उत्तर आपल्याच जिल्ह्याने जगाला दिलेले आहे. १९७० साली जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने काम सुरू केले. ज्यांना अक्षर ओळखता येत नव्हते अशा खेड्यातल्या बायांना त्यांनी आरोग्यसेविका केले. बाळंतपण, जुलाब, कुपोषण यांचे शास्त्र त्या शिकल्या आणि गावाला शिकवू लागल्या. १९७९ साली त्या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ज्या बाईला हजार विड्यांचा हिशेब तोंडी येतो, जिला मालकाने किती छाट काढली हे नजरेने कळते, तिला दोन संप्रेरके आणि एक पिशवी समजणार नाही, असे मानणे हा तिचा अपमान आहे.

मी अक्काला हे सगळे पॅनच्या आणि काकवीच्या बाटलीच्या गोष्टीतून सांगितले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "म्हंजी चार लेकरं जल्माला घातली, त्याचीच ही खूण व्हय." मी म्हटले, "होय अक्का." त्यानंतर आमच्या संघटनेच्या बैठकीत तिने एक चाल पाडली आहे. कोणी बाई पिशवीची शस्त्रक्रिया ठरली असे सांगू लागली, की अक्का तिला सगळ्यांसमोर तीन प्रश्न विचारते : दुखतं कुठं, बोटानं दाखव. साऱ्या पोटाची सोनोग्राफी झाली का? दुसऱ्या डॉक्टरला दाखवलं का? या तीन प्रश्नांनी आतापर्यंत दोघीजणींची शस्त्रक्रिया टळली आहे. एकीला खडे निघाले, दुसरीला काहीच निघाले नाही.

येथे बसलेल्या प्रत्येकाने हे तीन प्रश्न घरी न्यावेत, एवढी विनंती करतो आणि आपली रजा घेतो.